दात काढण्याआधीच्या चार कॅप्सुला

आमच्या आत्याला लहानपणी सांधेताप झाला आणि जाताना तो हृदयाची एक झडप खराब करून गेला. त्यामुळे दात काढायचा म्हटलं की तासभर आधी अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सुला, एकदम दोन ग्रॅम, हा घरातला जुना रिवाज. दात उपटताना तोंडातले जंतू रक्तात जातात. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही, पण खराब झडपेवर ते ठाण मांडून बसले तर एन्डोकार्डायटिस. मग आठवडेच्या आठवडे शिरेतून औषधं, कधी ऑपरेशन, आणि तरीही माणूस हाती लागेलच असं नाही.

२००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी छाटली. कृत्रिम झडप, पूर्वी हाच आजार झालेला, काही जन्मजात दोष, अशा मोजक्यांनाच गोळ्या. आत्या यादीबाहेर! कारण तसं पटण्यासारखं होतं. ब्रश करताना, घास चावतानाही जंतू रक्तात जातातच, मग कधीतरी घेतलेल्या डोसाने किती अडणार? २००८ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस'ने तर कोणालाच नको म्हणून सांगितलं. हे मला जरा अतीच वाटतं.

२०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडचे आकडे आले. अशी प्रिस्क्रिप्शन्स महिन्याला सुमारे १०,९०० होती, ती २,२०० च्या आसपास आली. आणि मार्च २०१३ पर्यंत एन्डोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा महिन्याला ३५ जास्त! आता एकामागून एक घडलं म्हणून एकामुळेच दुसरं घडलं असं होत नाही, आणि त्या संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पण आकडा डोक्यातून जात नाही हे खरं. २०१६ मध्ये 'नाइस'ने वाक्यात एकच शब्द घातला: 'सर्रास' देऊ नका. एका शब्दाने डॉक्टरांना केवढी मोकळीक मिळाली बघा!

आत्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला. झडप बदलावी लागली, धातूची बसवली, आणि बाई पुन्हा यादीत. तिला त्याचं काही वाटलं नाही. "मी कुठे बंद केल्या होत्या?" म्हणाली.

मला काळजी आहे ती तापाची. ताप आला की आपल्याकडे आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिक आणतात. मग जंतू अर्धवट दबतात आणि तपासणीत सापडत नाहीत. म्हणून तिच्या फ्रिजवर मी मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय: ताप आला तर आधी रक्ताचं कल्चर, मग गोळी.