वाळूतला एक दिवस

प्रवरेकाठच्या अकोल्याचे आम्ही दोघे. घाटघरच्या चिखलातून गाडी काढण्याचा सराव होता, वाळूचा नव्हता. जैसलमेरपुढे, समच्या वाटेवर, हौशी मोटार-रॅलीत ते कळले. तेथे ठरलेली सरासरी गती राखायची. लवकर पोहोचले तरी दंडच! मार्गवहीतील एका बाणाचा अर्थ आम्ही चुकीचा लावला आणि चाके रुतली. (आयुष्यभर संहितांचे अर्थ लावणाऱ्यांची ही गत.) टायरांतली हवा कमी केली की चाकाचा तळ पसरतो, हे उशिरा सुचले. तोवर तास गेला होता. एका मेंढपाळाने आपल्या घागरीतले पाणी पुढे केले. भंडारदऱ्याचा भरलेला जलाशय आठवला, तरी आम्ही ओंजळ धरलीच. ती घागर पुन्हा भरायला त्याला किती चालावे लागणार, हे मात्र विचारले नाही.