न वाजवलेल्या डफड्याचं ऋण

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पिढीला वेस्ट इंडीज कळलं ते क्रिकेटमुळे. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघानं तिथं जाऊन मालिका जिंकली, सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा काढल्या, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं गावात येई आणि पारावर ते मोठ्यानं वाचलं जाई. त्या बेटांना क्रिकेटपलीकडे काही अंग असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला ते दाखवलं दारव्ह्याच्या हायस्कुलातल्या भूगोलाच्या सरांनी. गावसकरांच्या त्या पराक्रमावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकानं कॅलिप्सो रचला, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं. "आपल्याले हरवणाऱ्याचंच गाणं बांधतेत थे लोकं," सर म्हणाले होते. "कावून, थे शोध."

सर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे तिथं निग्रो साहित्याबद्दल बोलू लागले होते, गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघू लागलं होतं, त्या दिवसांतले. सरांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत 'अस्मितादर्श'चे अंक असत. पुढं त्या पेटीत जनार्दन वाघमाऱ्यांचं अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवरचं पुस्तक आलं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली, हे आम्हाला इतिहासाच्या तासाला नव्हे, भूगोलाच्या तासाला कळलं. अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना, असं सांगून सर म्हणायचे, "आपला न् त्यायचा सोयरसंबंध जुना हाये."

सरांची एक सवय सगळ्या वर्गाला ठाऊक होती. भिंतीला नकाशा टांगून ते बोलू लागले, की उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालू होत. करंगळी-अनामिकेचा हलका मारा, मधूनच अंगठ्याचा दणका आणि दर फेऱ्यात एक जागा मुद्दाम रिकामी सोडलेली. आम्ही बाकाखाली ती चाल वाजवायचो, पण ती रिकामी जागा कुणाला साधायची नाही. हात घाई करून ती भरून टाकायचा. आपण वाजवतो आहोत याचा सरांना पत्ताच नसे. कुणी हसलं, की हात खिशात जाई.

अटलांटिक महासागर शिकवताना ते नेहमी एका ठिकाणी अडत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबून पलीकडे नेली. त्यातली कितीतरी या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला उतरवली. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं. सर विचारायचे, "उतरले तवा हातात काय होतं?" आम्ही म्हणायचो, काही नाही. "मंग गाणं कुठून आलं?"

त्याचं उत्तर सरांनी थोडं सांगितलं, उरलेलं मी पुढं वाचत, ऐकत गेलो. ग्रेनाडाजवळ कॅरिआकू नावाचं एक लहानसं बेट आहे. तिथल्या 'बिग ड्रम' नाचात आजही आफ्रिकेतल्या एकेका 'नेशन'चा वेगळा ताल वाजतो: क्रोमांती, इग्बो, मँडिंग, काँगो. नाचाला सुरुवात क्रोमांतीनं होते, पूर्वजांना बोलावून. ढोल तीन. दोन 'बुला' एकच चाल धरून राहतात आणि तिसरा 'कट' त्या चालीला छेद देत बोलतो. पूर्वी हे ढोल झाडाच्या खोडातून कोरत. पुढं रमची रिकामी पिंपं वापरात आली. मालकाच्या रमच्याच पिंपावर आपल्या आजोळचा ताल. क्यूबातल्या बाता या तीन ढोलांच्या मेळात योरुबा देवतांचे ताल असेच टिकले, जमैकाच्या कुमिनात काँगोचे. नाव, भाषा, गोत सगळं हिरावलं गेलं, तरी आपण कोणाचे हे ढोलाला विचारता येत होतं.

म्हणून मालकांना ढोलाची धास्ती. त्रिनिदादमध्ये 1838 साली गुलामी पुरती संपली, धास्ती संपली नाही. 1881 साली कॅनबुलेच्या मशालींच्या मिरवणुकीत पोलिसांशी झुंज झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कायदा करून ढोलावर बंदी आली. 1884 साली सान फर्नांडोत पोलिसांनी होसेच्या, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. ती मिरवणूक आपल्याकडून गेलेल्या ऊसमजुरांची, ताशे वाजवत निघालेली. काळ्यांचा ढोल काय न् आपल्या माणसांचा ताशा काय, सरकारला दोन्ही सारखेच खुपले.

ढोल गेला, तर लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू तोडले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. 'टॅम्बू बॅम्बू' म्हणत त्याला. त्यापाठोपाठ बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची पिंपं. पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, त्यात लहान-मोठे उंचवटे काढायचे आणि एकेका उंचवट्यातून एकेक स्वर. ते स्टीलपॅन. 1951 साली त्रिनिदादचा स्टीलबँड लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजला आणि 1992 साली स्टीलपॅन देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं. ज्या वस्त्यांतल्या पोरांना वाजवतात म्हणून पोलीस हाकलत, त्यांचंच हे वाद्य.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भारावून गेलो. आपल्या गावातलं डफडं मला आठवलं आणि मी सरांना म्हणालो, आपणही डफडं असंच जपायला पाहिजे. सर काही बोलले नाहीत. रविवारी मला घरी घेऊन गेले.

बौद्धपुऱ्यातलं दोन खोल्यांचं घर. ओसरीवर सरांचे वडील बसलेले, त्यांना सगळे आबाजी म्हणत. भिंतीच्या खुंटीला एक गोल कडं टांगलेलं होतं, कातडं नसलेलं. कडेला खिळ्यांच्या भोकांची रांग आणि एका बाजूला, जिथं मनगट टेकायचं तिथं, लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. आबाजींनी ते मला हातात दिलं. बकऱ्याचं कातडं कसं ताणायचं, वाजवण्याआधी काडीकचऱ्याच्या जाळावर डफडं कसं शेकायचं, टणक बोलू लागलं की कसं ओळखायचं, डाव्या हातातली बारीक काडी आणि उजव्या हातातलं आखूड जाड टिपरू काय काय करतं, सगळं सांगितलं. रिकाम्या हातांनी हवेत वाजवूनही दाखवलं. सरांच्या बोटांतली ती रिकामी जागा कुठून आली, हे मला त्या ओसरीवर कळलं.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. गावात लग्न निघालं, वाजवा. मौत झाली, वाजवा. पोळ्याला बैलांपुढं वाजवा, साहेब आला वाजवा. घरात कुणी तापानं फणफणत असलं तरी वाजवा. बदल्यात सुपभर जवारी, पंगत उठल्यावर उरलेलं अन्न, तेही लांबून वाढलेलं. "वाजवलं नाई त भाकर नाई," आबाजी म्हणाले. "हात नोहोते थकत, लेका. मान थके. वाजवतानी मान खाली ठेवा लागे."

1956 च्या दसऱ्याला गावातली काही माणसं दारव्ह्याहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीत बसून मूर्तिजापूरला गेली आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला. 14 ऑक्टोबरला दीक्षा घेऊन परतली. घरी आल्यावर आबाजींनी डफड्याचं कातडं सुरीनं कापून काढलं. त्या वर्षी गावानं त्यांना शेतात काम दिलं नाही, विहिरीवरून बोलाचाली झाल्या. डफडं मात्र पुन्हा वाजलं नाही. सर तेव्हा शाळकरी होते. बापाच्या मांडीवर बसून ते हे वाद्य शिकले होते. त्यानंतर त्यांनी ते कधी हातात धरलं नाही.

परतताना रस्त्यात सर म्हणाले, "तिथं ढोल कोणी बंद केला? मालकानं. इथं डफडं कोणी चालू ठेवलं? मालकानंच. मंग तिथं वाजवनारा मोकळा झाला, इथं ठेवून देनारा. आता सांग, जपाचं म्हणतोस थे काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्कृती म्हटलं की काहीतरी साठवून ठेवायची वस्तू, एवढीच माझी समजूत होती. वाजवायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हाती, त्याचीच ती संस्कृती, ही गोष्ट मला त्या दिवशी कळू लागली. वाचून ती कळली नसती; त्या कड्याला हात लागला म्हणून कळली.

ऋण इथंच संपत नाही. आमच्या घरी दोन एकरांची बारा एकर शेती झाली ती पणज्याच्या बापाच्या काळात, कापसावर, असं घरात अभिमानानं सांगत. सरांनी त्याचा भूगोल सांगितला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला पोचेना, आणि गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. भाव कडाडले. पुढं कापसासाठीच इकडं रूळ आले. आमची शकुंतलाही मुळात कापूसगाडीच. तिकडं काळी माणसं सुटण्यासाठी लढत होती तेव्हा आमच्या दारात पांढरं सोनं येत होतं. सरांनी हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. पावसाचे आकडे सांगावेत तसं सांगितलं.

दहावीनंतर मला यवतमाळला पाठवायला घरून नकार होता. सर एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. आजीनं कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला आणि त्यात त्यांना चहा दिला. तो कप का वेगळा ठेवलेला आहे, हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. सरांनी चहा घेतला, उठून रांजणाजवळ कप विसळला, पालथा घातला आणि पुन्हा बसून बाबांना म्हणाले, "पोरगं हुशार हाये, दादा. कॉलेजात घाला." बाबांनी मान हलवली. मी अमोलकचंद महाविद्यालयात गेलो, नोकरीला लागलो, त्या पगारावर धाकट्या बहिणी शिकल्या. याची सुरुवात त्या पालथ्या कपापाशी आहे.

यवतमाळला असताना सरांनी मला एक कॅसेट दिली. मुंबईतल्या मित्राकडून भरून आणलेली. एका बाजूला हॅरी बेलाफोंटे, दुसऱ्या बाजूला स्टीलबँड. नोकरीतल्या बदल्यांत ती झिजून गेली, पण कान लागला तो लागलाच. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर सिद्दींचा धमाल नाच पाहायला गेलो, तेव्हा उभा मुगरमान ढोल दणाणला आणि मलुंग्याची तार बोलली. आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून आपल्याकडे आलेल्यांचा हा ठेवा. याच सिद्दींच्या पूर्वजांसारखा गुलाम म्हणून आलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, 1610 च्या सुमारास त्यानं खडकी वसवली. तीच पुढं औरंगाबाद झाली, जिथं सर शिकले. त्रिनिदादचे ताशेवाले वाजवण्याआधी कातडं जाळावर शेकतात, हे चित्रफितीत पाहिलं तेव्हा आबाजींची ओसरी डोळ्यांपुढं आली. आणि लॉर्ड शॉर्टी हा काळा गायक भारतीय मजुरांच्या शेजारात वाढला, 1970 च्या दशकात त्यानं कॅलिप्सोत ढोलक-धनताल आणून सोका हा नवा गानप्रकार उभा केला, हेही वाचलं. सरांच्या त्या 'कावून'चं उत्तरही अशाच वाचनात सापडल्यासारखं झालं. कॅलिप्सो गाणाऱ्यानं गावातल्या प्रत्येक घटनेचा जाब मागायचा असतो, राजाचा मागायचा, आपल्या संघाचाही मागायचा. ही पश्चिम आफ्रिकेतल्या गाणाऱ्या भाटांची जुनी रीत. हरल्याची लाज त्यात बसत नाही. सरांना पत्र लिहून हे कळवलं. उत्तर आलं: "बरोबर. आता आपल्या गावाचं गाणं बांध."

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर लोककलांवरच्या बैठकांना मला यवतमाळ-अमरावतीकडून बोलावणं येतं. तिथं कुणीतरी हमखास हळहळतं, की डफडं मरायला लागलं, त्या लोकांनी आपली कला जपायला हवी. मग मी उठतो. त्रिनिदाद सांगतो, आबाजी सांगतो. ज्यांनी ते ठेवून दिलं त्यांनी काही गमावलेलं नाही, कमावलं आहे, हे सांगतो. ज्यांना हौस आहे त्यांनी आपल्या मुलांच्या हाती द्यावं. पाटलाच्या, वाण्याच्या, मास्तराच्या पोरानं शेकावं आणि वाजवावं. आणि जे आजही पोटासाठी वाजवतात त्यांना बोलीप्रमाणे पैसे, पत्रिकेत नाव आणि पहिल्या पंगतीत पान मिळावं. हे ऐकल्यावर सभागृहात थोडी चुळबुळ होते. काही ठिकाणांहून पुन्हा बोलावणं येत नाही. सरांनी माझा हिशेब मांडला असता, तर तेवढ्या चुकलेल्या निमंत्रणांनाच त्यांनी परतफेड म्हटलं असतं.