काडतूस उसवताना

नोव्हेंबर लागला की आमच्या शेजारच्या आजोबांच्या तळघराला पितळेचा वास येतो. पेनसिल्वेनियात हा हरणांच्या शिकारीचा हंगाम. आजोबा आपली काडतुसं घरीच भरतात. मला मात्र त्यांचं भरणं पाहण्यापेक्षा उसवणं पाहण्यात जास्त गोडी. माझी आई बिघडलेली शिवण अशीच उसवायची, कापडाला धक्का न लावता.

दारूचं माप चुकल्याची नुसती शंका आली, तरी अख्खी खेप बाजूला पडते. मग डोळ्यांवर चष्मा चढतो आणि ते अवजार निघतं. दिसायला हातोडी, पण डोकं प्लास्टिकचं आणि पोकळ. त्यात काडतूस बुडाच्या कडेनं पकडायचं, गोळीचं टोक आतल्या बाजूला, आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठोका द्यायचा. हातोडी थांबते, पुंगळी थांबते. गोळी मात्र आपल्या वेगात पुढे जाऊ पाहते. ठक. पुन्हा ठक. पुंगळीच्या मानेतून ती जराशी सरकलेली दिसते, आणि पुढच्या ठोक्याला सुटते. तिच्यामागून दारू सांडते तो बारीक सरसर आवाज कान देऊन ऐकावा असा असतो. जुन्या काडतुसात गोळी पितळेला घट्ट चिकटून बसते. तेव्हा आजोबा ती आधी किंचित आत दाबतात. पकड मोडायला आधी आत ढकलावं लागतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मग टेबलावर सगळं वेगवेगळं. 150 ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम: वर तांबं, आत शिसं. दारूचे कण करडे, बारीक नळकांड्यांसारखे कापलेले. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानं 1884 मध्ये घडवलेल्या बिनधुराच्या दारूचा हा वंश, आणि तिच्या मुळाशी नायट्रोसेल्युलोज, जे कापसाच्या तंतूंपासूनही करतात. माझं माहेर यवतमाळचं. कापसाच्या ढिगात लोळून वाढलेल्या मला त्या करड्या कणांकडे परक्या नजरेनं पाहता येत नाही.

दारू कोणत्या डब्यातली हे पक्कं ठाऊक असेल तरच ती परत डब्यात जाते, नाहीतर अंगणात विस्कटून टाकतात. पुंगळीच्या बुडात प्रायमर अजून जिवंत असतो, म्हणून तिला बोट लावतानाही घाई नाही. आणि पॉइंट टू-टूची काडतुसं या हातोडीत कधीच घालायची नाहीत. त्यांचा स्फोटक लेप बुडाच्या कडेतच असतो.

“एवढा खटाटोप कशाला? टाकून द्या की,” मी एकदा म्हटलं.

आजोबांनी हातातलं काम थांबवलं. “जिवंत काडतूस टाकायचं कुठे, पोरी?”