हुडकेश्वरहून नगरधनपर्यंत

खरिपाची मळणी उरकली की एक दिवस सवड काढा, मुलाबाळांना बरोबर घ्या आणि नागपूरच्या हुडकेश्वरला या. एकेकाळचे हे शेतीचे खेडे आता शहराने पोटात घेतले आहे. वावरांचे प्लॉट पडले, धुऱ्यांवरून रस्ते गेले. वावर गेले की त्या मातीतल्या माणसांची नावेही विसरायला वेळ लागत नाही. म्हणून येथून निघून आपल्याच जिल्ह्यातल्या तीन माणसांना भेटून येऊ या.

पहिला मुक्काम जवळच, उमरेड रस्त्यावरचा ताजबाग. ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ सालचा, कामठीचा. तरुणपणी त्यांनी फौजेत नोकरी केली. पुढे ती सोडून फकिरी पत्करली. लोकांनी त्यांना वेड्यात काढले आणि १८९२ साली त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. पण तिथेही दर्शनाला माणसांची रीघ लागली! १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आणले. सावनेर तालुक्यातल्या वाकी गावीही बाबा काही काळ राहिले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. आज त्यांच्या दर्ग्यावर हिंदू आणि मुसलमान दोघेही डोके टेकतात.

आता नागपूर ओलांडून बाबांच्या जन्मगावी, कामठीला चला. बाबू हरदास एल. एन. यांचा जन्मही इथलाच, १९०४ चा. त्या काळी या भागातली कितीतरी गरीब घरे विड्या वळून पोट भरत, आणि नफा मात्र ठेकेदाराच्या घरी जाई. हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली ते आमदार झाले. 'जय भीम' हा आज घरोघरी पोचलेला नमस्कार रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांना नेले.

कन्हान नदी ओलांडून रामटेकच्या बाजूने पुढे गेलात की नगरधन लागेल. गावाजवळ भोसलेकालीन किल्ला आहे. पण गाव त्याहूनही फार जुने. दीड हजार वर्षांपूर्वी इथे नंदिवर्धन नावाची वाकाटकांची राजधानी होती. राजा दुसरा रुद्रसेन तरुणपणी वारला. मुले लहान. तेव्हा राणी प्रभावतीगुप्ता हिने राज्याचा कारभार हाती घेतला. ती सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. तिने दिलेल्या गावदानाचे ताम्रपट आजही उपलब्ध आहेत. अलीकडे, २०१५ ते २०१८ या काळात, नगरधनला उत्खनन झाले, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली.

घरधनी गेल्यावर लेकरे आणि शेती दोन्ही सांभाळणाऱ्या बाया आपल्या गावोगावी आहेत. त्यांना ही राणी परकी वाटणार नाही. त्यांना तिची गोष्ट जरूर सांगा.

एकाला जगाने वेडा ठरवले, दुसऱ्याला आयुष्य थोडे मिळाले, तिसरीच्या कपाळीचे कुंकू लवकर पुसले गेले. तरी त्यांची नावे उरली, कारण कोणीतरी ती सांगत राहिले, लिहीत राहिले. तुमच्याही गावात विहीर खोदून देणारा, शाळेला जागा देणारा, तंटे मिटवणारा कोणी होऊन गेला असेलच. परत गेल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, विचारा आणि मुलांच्या हातून ती नावे वहीत उतरवून घ्या. वावरांचे प्लॉट पडण्याआधी एवढे काम झालेच पाहिजे.