कुठलं पाणी?

रत्नागिरीत गाडीच्या एसीचं काम करणाऱ्याला पावसाळ्यात गॅस किंवा कॉम्प्रेसर फारसा छळत नाही. छळतं ते मॅटिंग. डावीकडची मॅट उचलावी, खालचा फोम दाबावा, बोटांमधून पाणी वर यावं, आणि गिऱ्हाइकाने म्हणावं, "ड्रेन चोकअप झालाय, तेवढा काढून द्या." एसीचं पाणी बाहेर सोडणारी ती नळी मोकळी करून देणं दहा मिनिटांचं काम आहे. पण हे पाणी एसीचं आहे की आभाळाचं, हे आधी कोण सांगणार?

एप्रिलमध्ये हा प्रश्न नसतो. पाऊस नाही, म्हणजे पाणी कूलिंग कॉइलचंच. जूनपासून मात्र सगळीकडेच पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं हे गाव. वायपरखालच्या जाळीतून, काचेच्या बीडिंगमधून, बॉडीच्या उकललेल्या सांध्यातून आणि हल्ली सनरूफच्या नळ्यांमधून आलेलं पाणी शेवटी त्याच डाव्या कोपऱ्यात साचतं, जिथे तुंबलेल्या ड्रेनचं पाणी साचतं. ड्रेन साफ करून गाडी दिली आणि आठवड्यात पुन्हा मॅट भिजली, तर नाव आपलंच जातं.

हे पाणी मी बोटांनी ओळखायचो. एसीचं पाणी हवेतून गाळून निघालेलं, वाळलं तर डाग ठेवत नाही. पावसाचं पाणी जाळीखालची तांबडी माती घेऊन येतं, चिमटीत कचकचतं. हीटरचं कूलंट असेल तर बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी चिमूट चोळायचो, क्षणभर थांबायचो आणि मग निकाल सांगायचो. ते थांबणं कामासाठी नव्हतं, समोरच्यासाठी होतं. "उस्तादांनी नुसतं बोट लावून सांगितलं," हे वाक्य मारुती मंदिरापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत फिरत असे, आणि ते माझ्या कानावर आलं की माझा दिवस चांगला जायचा. या वयातही ते आठवलं की बरं वाटतं, हे मी लपवत नाही.

आता बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मधुमेह. डॉक्टरांनी समजावलं की आधी पायांची जाते, मग हातांची. पाना धरता येतो, नट आंधळेपणाने लावता येतो, पण फोम ओला आहे की नुसता गार, हे कळेनासं झालं. त्या काळात वाचनात आलं की माणसाच्या कातडीला ओल कळणारी वेगळी सोयच नाही. गारवा आणि दाब यांची बेरीज करून मेंदू ओल ठरवतो. म्हणजे धडधाकट बोटही एसीच्या झोताने गार पडलेला कोरडा फोम ओला ठरवू शकतं. माझ्या चिमटीचं कौतुक करणाऱ्या गावाला हे सांगायला मला बरेच दिवस लागले.

म्हणून आता कागद. आयटीआयतून आलेला पोरगा माझ्याकडे आहे, त्याच्याकडून मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फोमखाली लावून घेतो: एक इंजिनकडच्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, पायथ्याशी, एक मधल्या उंचवट्याकडे, एक दरवाजाच्या बाजूला. शेडमध्ये, पावसापासून दूर, एसी अर्धा तास चालवायचा. कुठली पट्टी आधी काळवंडते ते बघायचं. मग एसी बंद, नव्या पट्ट्या, आणि वायपरखालच्या जाळीवर तांब्याने पाणी, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दरवाजाकडची पट्टी भिजली तर ड्रेनला हात लावायचाच नाही. पोराकडे फोनला जोडायचा बारीक कॅमेरा आहे, तो कॉइलखालच्या ट्रेमधला गाळ स्पष्ट दाखवतो. पण गाळ दिसला म्हणजे मॅटिंगमधलं पाणी त्यानेच आलं असं होत नाही. हे त्याला अजून पटायचंय.

याहून चिवट दुखणं म्हणजे अर्धवट तुंबलेला ड्रेन. सपाटीवर पाणी बरोबर जातं, खाली थेंब पडताना दिसतात, सगळे खूश. घाट लागला की ट्रे कलतो, पाणी एका कडेला धावतं, वळणावर आतून खळखळ ऐकू येते आणि शेजारी बसलेल्याच्या पायावर धार येते. गिऱ्हाईक सांगतं, "फक्त घाटातच होतं," आणि मेकॅनिक हसतो. हसू नये. मी गाडीची एक बाजू जॅकवर घेतो, ब्लोअरची मोटर उतरवून त्या वाटेने अर्धा लिटर पाणी हळूहळू सोडतो आणि खाली डबा धरून मोजतो. मग दुसरी बाजू वर. दोन्ही वेळा आत टाकलेलं जवळपास सगळं डब्यात आलं पाहिजे. आलं नाही तर उरलेलं ट्रेच्या कोपऱ्यात गाळामागे अडलेलं आहे.

हा गाळ आपल्याकडचा खास असतो. मोहोराच्या दिवसांत गाडी आंब्याखाली उभी असते. तुडतुडे चिकट रस सोडतात, त्यावर मोहोराची फुलं, परागकण आणि जांभ्याची तांबडी धूळ बसते. जुन्या बऱ्याच लहान गाड्यांत केबिन फिल्टर नव्हताच, त्यामुळे हे सगळं थेट कॉइलवर जातं, वर बुरशी चढते आणि नाचणीच्या आंबिलीइतका दाट लगदा तयार होतो. गावच्या घरी महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांचं आणखी वेगळं: कुंभारीण खालून नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते. ते बोटाने फोडलं की आत कोळी निघतात.

आणि या लगद्यावर लोक एअर गन लावतात! खालून हवा मारली की नळी मोकळी होते हे खरं, पण गाळ उलटा वर उडतो, कॉइलच्या पात्यांत बसतो, कधी आतल्या जोडावरून नळीच निसटते. कुणी तार खुपसतो. कॉइल पातळ ॲल्युमिनियमची आहे. एक भोक पडलं की गॅस गेला, डॅशबोर्ड उतरवा, नवी कॉइल घाला. कुणी वासाचा स्प्रे मारून "एसी सर्व्हिस" म्हणून पैसे घेतो आणि बुरशी तिथेच राहते. मी खालून ओढून घेणाऱ्यांतला आहे: नळीला व्हॅक्यूम लावायचा, मग वरून कोमट पाणी. वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाला शेडमध्ये चहा पाजावा लागतो.

हवेतलं पाणी काढणं हे एसीचं मूळ कामच. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी एसीचं पहिलं यंत्र आखलं ते हवेतला दमटपणा कमी व्हावा, कागद आकसू-फुगू नये म्हणून. ३० अंशांच्या ओथंबलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. ती १० अंशांवर आणली की ९ ग्रॅमच्या आसपास उरतं. बाकीचं कॉइलवर उतरतं आणि ते बाहेर गेलंच पाहिजे. ते ट्रेमध्ये साचून राहिलं तर ब्लोअर तीच ओल पुन्हा काचेवर फेकतो. रात्री, पावसात, कशेडी किंवा परशुराम घाटाच्या उतारावर समोरची काच पांढरी झाली तर काय होतं, ते या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणून या कामाला मी किरकोळ म्हणू देत नाही.

गणपतीला गावी येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. एसी चालू असताना गाडीखाली पाणी पडत असेल तर निर्धास्त राहा, ते पडलंच पाहिजे. या दमट हवेत ते पडायचं थांबलं किंवा आतून खळखळ आली तर त्याच दिवशी मेकॅनिककडे जा. आणि जाण्याआधी मॅट काढून वाळवू नका. ओली आहे तशीच न्या.