वासावरून कळणारी प्रयोगशाळा

रसायनशास्त्र विभागाचा जिना चढतानाच नाकाला बातमी मिळायची. खाली बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल चालू असलं की किप उपकरणातल्या हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास अर्ध्या जिन्यापर्यंत आलेला असायचा. वर आमच्या संशोधनाच्या मजल्यावर ईथर, नाहीतर पिरिडिन. पिरिडिन शर्टात मुरून घरापर्यंत यायचं आणि आई दारातच म्हणायची, "आधी आंघोळीला जा." सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पीएच.डी. करणाऱ्या आम्हा मंडळींना त्या वासांचा अजूनही लळा आहे.

आता ती प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाते आहे आणि आराखड्याच्या समितीवर मलाही घेतलं आहे. नव्या जागेत कसलाही वास येता कामा नये, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. लळा खरा, पण नाकावर विसंबता येत नाही. हवेत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून जो तिथेच उभा राहतो, त्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका.

आमची खोली उंच छताची होती. आम्लांनी काळवंडलेली सागवानी टेबलं, भिंतीत वर एक एक्झॉस्ट फॅन. वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड एकच, आणि त्यात जुन्या बाटल्यांची गर्दी. पिपेट तोंडाने ओढायची. हाताला ग्रीस लागलं की बेंझीनचा बोळा. काचसामान क्रोमिक आम्लात भिजत घालायचं, बन्सन बर्नरवर ॲस्बेस्टॉसची जाळी. मॅनोमीटर फुटून पारा सांडला की फरशीवर गंधकाची पूड भुरभुरायची आणि पुढच्या कामाला लागायचं. उरलंसुरलं सगळं सिंकमध्ये. बेंझीन, क्रोमिक आम्लातलं क्रोमियम, ॲस्बेस्टॉस ही तिन्ही कर्करोगाला कारण ठरतात, हे आज कुठल्याही विद्यार्थ्याला पाठ असतं. आमच्या हातांना मात्र त्यांची रोजची सवय होती.

तरीही आम्ही बरेचसे धडधाकट बाहेर पडलो, त्यात मोठा वाटा मामांचा होता. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. ईथरची बाटली उघडली की तिच्यावर निळ्या पेन्सिलीने तारीख घालायचे. उघडं ईथर फार दिवस राहिलं तर त्यात पेरॉक्साइड साचतं आणि नुसतं तापवताना स्फोट होऊ शकतो. संध्याकाळी कोणाचं रिफ्लक्स रात्रभर चालणार असलं, तर कंडेन्सरची रबरी नळी ते तांब्याच्या तारेने दोन्ही टोकांना बांधून द्यायचे. इमारतीतले बाकीचे नळ बंद झाले की रात्री पाण्याचा दाब वाढतो, नळी निसटते, खाली पाणी होतं आणि वर फ्लास्क कोरडा पडतो. हे कुठल्याही पुस्तकात आम्ही वाचलं नव्हतं, मामांच्या हातात पाहिलं होतं. ते निवृत्त झाले तेव्हा ती विद्याही त्यांच्याबरोबर गेली. आज कंडेन्सरला चिलर असतो, त्यात तेच पाणी फिरत राहतं. बाटलीवर तारखेचं छापील लेबल असतं. मामांचं काम आता व्यवस्थेत उतरलं आहे आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

कपड्यांचंही तसंच. टेरिकॉटचा शर्ट आणि पायात चपला, हा आमचा वेश. मुली साडीचा पदर खोचून काम करायच्या. २००८च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिरिंजमधलं टर्शरी ब्युटिल लिथियम हवेत पेटलं. प्रयोग करणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर लॅब कोट नव्हता. काही दिवसांत ती गेली. ते वाचलं त्या दिवशी मला आमचे टेरिकॉटचे शर्ट आठवत राहिले. डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान यांच्या हातात तर लेटेक्सचे मोजे होते. १९९६ साली डायमिथाइल मर्क्युरीचे मोजके थेंब त्या लेटेक्समधून आत झिरपले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणून आता नुसते मोजे मागवून भागत नाही; कोणत्या रसायनाला कोणता मोजा, हे आधी ठरवावं लागतं.

समितीत सर्वांत जास्त वेळ गेला तो हवेवर. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत ओढली गेली पाहिजे. सहा फुटी हूडची काच दीड फूट उघडी असली, तर तासाला हजार घनमीटरहून अधिक हवा बाहेर जाते. तेवढी ताजी हवा आत आली नाही तर हूड उपाशी राहतो. आपल्याकडे खोली बंद करून स्प्लिट एसी बसवतात. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. वर पंखा लावला की हूडमधली वाफ उलट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. काचेच्या कडेला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून पाहावी. ती आत झुकली नाही, तर त्या हूडखाली प्रयोग करू नये. आमच्या जुन्या उघड्या खिडक्या अशा खोलीपेक्षा बऱ्या होत्या, असं मी बैठकीत म्हणालो आणि अजूनही म्हणतो.

सिलिंडर पूर्वी टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेले असत. आता ते इमारतीबाहेर जाळीच्या खोलीत, साखळीने जखडलेले, आणि आत फक्त नळ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१८ साली सिलिंडरच्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. त्यानंतर या खर्चावर वाद घालायचं कारणच उरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र परदेशी नकाशावरून जशीच्या तशी उचलता येत नाही. अंगावर आम्ल उडालं तर दहा सेकंदांत शॉवरखाली पोहोचायचं आणि पंधरा मिनिटं पाणी घ्यायचं, हा नियम ठीक आहे. पण आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हात घालवणार नाही इतकं तापतं. भाजलेल्या कातडीवर ते कसं सोसणार? नियमात पाण्याचं तापमान १६ ते ३८ अंश सेल्सियस सांगितलं आहे. म्हणून या शॉवरसाठी सावलीतली वेगळी टाकी मागितली, आणि दर आठवड्याला पाणी सोडून पाहण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून घेतली.

जुन्या खोलीतली एकच गोष्ट मला नव्या खोलीत हवी होती. आमची लिहिण्याची टेबलं प्रयोगशाळेतच असत, चहाही बीकरमध्येच उकळायचा. विषाच्या शेजारी चहा पिणं चूकच होतं. पण त्यामुळे रात्री अकरालाही खोलीत दोघं-तिघं असत, आणि कोणाच्या हातून बाटली सुटली की दुसरा धावत यायचा. नव्या आराखड्यात अभ्यासिका बंद भिंतीपलीकडे गेली होती. मी तिथे भिंतीऐवजी काच मागितली. खर्च वाढतो म्हणून ती काढायची सूचना आली, तेव्हा म्हटलं, हवी तर फरशी साधी घाला, पण काच ठेवा. ती ठेवली आहे. काचेपलीकडे दुसरं कोणी बसलेलं असल्याशिवाय रात्री प्रयोग लावायचा नाही, हा नियमही त्याच बैठकीत मंजूर झाला.