अर्थाचा अर्थ

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी उज्जैनला मामांकडे गेलो होतो. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला हलली, तरी बरीच मराठी घरे क्षिप्रेकाठीच राहिली. त्यांतलेच मामांचे एक. मामा तिथल्या एका पोह्याच्या गिरणीत मुनीम आहेत. कॉमर्सचा भाचा आयताच हाती लागल्यामुळे त्यांनी दुरुस्तीची अंदाजपत्रके तपासायला माझ्यापुढे टाकली.

एका कागदावर कलम होते : 'अर्थ पट्टी, मशीन से ट्रान्सफॉर्मर तक.' अर्थ म्हणजे पैसा, एवढेच मला ठाऊक! विचारल्यावर कळले, हा अर्थ जमिनीचा. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थचा खड्डा मशीनपाशी होताच, ट्रान्सफॉर्मरपाशीही होते. मग मध्ये लोखंडी पट्टी कशाला? मी लाल पेन्सिलीने ते कलम कापले. मामांनी विश्वासाने सही केली.

आठ दिवसांनी मशीनला हात लागताच एक कामगार फेकला गेला. तो वाचला, पण त्याच्या बायकोचा आक्रोश अजून माझ्या कानांत आहे.

गिरणीचे म्हातारे वायरमन मला म्हणाले, "भैया, करंट जमीन में जाकर खत्म नहीं होता." वीज ज्या ट्रान्सफॉर्मरमधून निघते, त्याच्या न्यूट्रलकडेच परत येते. मातीतून यायचे तर अडथळा मोठा. तो १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह अवघा २३ अँपिअर. ६० अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही आणि मशीनच्या अंगात वीज तशीच खेळत राहते. पट्टी असती तर शेकडो अँपिअर धावून फ्यूज तत्काळ उडाला असता. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला आणि टाकीला प्रत्येकी दोन स्वतंत्र अर्थ हवेत, ही १९५६ च्या नियमांतली अट आजही आहे. एक तुटला तरी दुसरा राहावा, हा हेतू.

मी खाली मान घातली. नावे पडलेली रक्कम कुठेतरी जमा व्हावीच लागते, हे मी परीक्षेत कितीदा तरी लिहिले होते!

कलम मी कापले, असे मालकांना सांगायला निघालो, तेव्हा मामा म्हणाले, "सांग, पण सही माझी आहे. मीही येतो." मी परतण्यापूर्वी पट्टी बसली.

'समजले' म्हणायला आमचे कानडी मित्र 'अर्थ आय्तु' म्हणतात. मला तो अर्थ उशिरा झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.